ऑनलाइन दुकान आणि त्याचे भाडोत्री नोकर

(नभोवाणी-भाषण)

गेल्या मार्गशीर्षांत लाखांदूरहून माझ्या भाच्याचा फोन आला. "मामा," तो म्हणाला, "तांदूळ खपतो आहे, पण महिनाअखेर हातांत कांहीं उरत नाहीं. एकदां येऊन वह्या पाहून जा." माझा सारा जन्म इतरांचे हिशेब तपासण्यांत गेलेला, तेव्हां घरच्या माणसाला नाहीं कसें म्हणावें? गेलों.

लाखांदूर हें भंडारा जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचें तालुक्याचें गांव. चुलबंद नदी याच तालुक्यांतून वाहते. वैनगंगा ओलांडली कीं वडसा, म्हणजे गडचिरोली जिल्हा आणि आगगाडीचें स्टेशन. मुलूख सगळा धानाचा. जुने मालगुजारी तलाव, त्यांच्या पाण्यावर भिजणाऱ्या बांध्या, आणि रोवणीच्या दिवसांत चिखलांत ओळीनें वांकलेल्या बायका, हें येथलें चित्र. या जिल्ह्यांतील चिन्नोर नांवाच्या बारीक व सुवासिक तांदुळाला भौगोलिक मानांकन मिळालेलें आहे. शेजारच्या दहा-बारा शेतकऱ्यांचें चिन्नोर धान गिरणीवर भरडून घ्यावें आणि पांच-पांच किलोंच्या थैल्या पुणें, मुंबई, हैदराबाद येथील गृहस्थांना थेट पाठवाव्या, असा बेत माझ्या भाच्यानें केला व ऑनलाइन दुकान थाटलें. मधला दलाल गेला तर चार पैसे शेतकऱ्याला अधिक मिळतील, हा त्याचा हेतु. हेतु चांगला होता, माल चांगला होता, मेहनतही होती. मग पैसा जात होता कोठें?

वह्या पाहिल्यावर रोग ध्यानांत आला. त्या दुकानाला अकरा जोड-ॲप्स लावलेलीं होतीं आणि त्यांतील नऊ दरमहा पैसे घेत होतीं.

हीं जोड-ॲप्स म्हणजे काय, हें आधीं सांगितलें पाहिजे. ऑनलाइन दुकान बहुधा कोणी पायापासून बांधीत नाहीं; तयार गाळा भाड्यानें घेतो. भिंती, फळ्या, गल्ला व दारावरची पाटी गाळ्याचा मालक देतो. माल आपण मांडावयाचा. या तयार गाळ्यांपैकीं शॉपिफाय हा एक प्रसिद्ध गाळा. त्याची जन्मकथा मौजेची आहे. टोबियास ल्युट्के नांवाच्या तरुणाला २००४ सालीं कॅनडांत बर्फावरून घसरण्याच्या फळ्या ऑनलाइन विकावयाच्या होत्या. दुकान मांडण्याचीं तत्कालीन साधनें मनास येईनात, म्हणून त्यानें तें साधन स्वतःच तयार केलें. फळ्यांचें दुकान मागें पडलें आणि २००६ सालीं तें साधनच बाजारांत आलें. दुसरा प्रसिद्ध गाळा वूकॉमर्स हा. तो २०११ सालीं निघाला. तो वर्डप्रेसवर बसतो आणि फुकट मिळतो, पण जागेचें भाडें व राखणदारी ज्याची त्यानें पाहावयाची असते.

आतां, साडीच्या दुकानाची गरज निराळी आणि तांदुळाच्या दुकानाची निराळी. सर्वांच्या सर्व गरजा गाळ्याच्या मालकाला पुरवितां येत नाहींत. म्हणून शॉपिफायनें २००९ सालीं एक वेगळा बाजार उघडला. त्या बाजारांत बाहेरचे कारागीर आपापलीं साधनें आणून ठेवतात: कोणाचें बिल करणारें, कोणाचें टपालखर्च काढणारें, कोणाचें गिऱ्हाइकांचे अभिप्राय मांडणारें. हींच जोड-ॲप्स. मी त्यांना भाडोत्री नोकर म्हणतों; कारण तीं आपल्या दुकानांत येऊन उभीं राहतात, आपल्या गिऱ्हाइकांशीं बोलतात, आपल्या वह्या वाचतात, आणि पगार मात्र दुसऱ्याच्या घरीं पोंचवितात.

नोकर ठेवण्यांत वाईट कांहींच नाहीं. वाईट आहे तें न मोजतां ठेवण्यांत. भाच्याच्या दुकानाचाच हिशेब घेऊं. महिन्याला सुमारें १०० थैल्या जात. एका थैलीमागें सर्व खर्च वजा जातां ६० रुपये सुटत. म्हणजे महिन्याची प्राप्ति ६,००० रुपये. नऊ ॲप्स सरासरी ६ डॉलर घेत. एकूण ५४ डॉलर. डॉलरला ९० रुपये धरले तर ४,८६० रुपये झाले. उरले १,१४०. एकेका ॲपचे सहा डॉलर पाहिले तर कोणालाही क्षुल्लक वाटतील. परंतु थेंबाथेंबानें तळें सांचतें, तसें थेंबाथेंबानें तें रितेंही होतें; आणि तलावांच्या या मुलुखांत फुटलेल्या पाळीची गोष्ट कोणाला समजावून सांगावी लागत नाहीं.

यांतूनच निवडीची पहिली कसोटी निघते. सहा डॉलर म्हणजे ५४० रुपये, आणि ५४० रुपये म्हणजे नऊ थैल्यांचा नफा. तेव्हां असा प्रत्येक नोकर महिन्याला नऊ थैल्या *अधिक* विकून देतो काय, किंवा तितक्या किंमतीचा आपला वेळ वांचवितो काय, हें विचारावें. नऊ थैल्यांनीं त्याचा पगार तेवढा फिटतो. मालकाच्या पदरांत दहाव्या थैलीपासून पडूं लागतें. "फुकट" या शब्दाचाही अर्थ नीट पाहावा. पुष्कळ ॲप्स पहिले सात किंवा चौदा दिवस फुकट असतात. नंतर पगार आपोआप चालू होतो. भाच्याच्या नवांपैकीं तीन अशींच विस्मरणानें राहून गेलेलीं होतीं.

खर्चाची कसोटी सांगितली, आतां गरजेची. तांदुळाच्या दुकानाला तीन कामें टळत नाहींत: पैसे घेणें, माल पाठविणें, आणि बिल करणें.

पैसे घेण्याचें काम बहुधा गाळ्याशीं जोडलेली पेमेंट-कंपनीच करते. २०१६ सालीं यूपीआय सुरू झाल्यापासून हें सोपें झालें आहे. कार्डाच्या बाबतींत मात्र एक नियम ध्यानांत ठेवावा. १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदारानें गिऱ्हाइकाच्या कार्डाचा पूर्ण नंबर आपल्याजवळ साठवून ठेवूं नये, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. नंबराऐवजीं एक सांकेतिक खूण वापरली जाते. एखादें ॲप "गिऱ्हाइकांचीं कार्डें आम्ही जपून ठेवूं" असें सांगूं लागलें, तर त्याला दारांतूनच परत पाठवावें.

माल पाठविण्याचें काम अधिक नाजूक. कुरियरवाले दोन वजनें पाहतात: एक कांट्यावरचें, आणि दुसरें आकारमानाचें. खोक्याची लांबी, रुंदी व उंची सेंटिमीटरमध्यें मोजून गुणाकार करावयाचा आणि बहुधा ५,००० नें भागावयाचें. येईल तितके किलो हें दुसरें वजन. दोहोंपैकीं जें जास्त, त्याचे पैसे. पांच किलो तांदुळाची थैली ३० बाय २० बाय १२ धरली तर आकारमानाचें वजन दीड किलोच्याही आंत येतें. म्हणून कांट्यावरचें पांच किलो धरलें जातें. पण भंडाऱ्याचें पितळी भांडें ३० बाय ३० बाय ३० च्या खोक्यांत घालून पाठवा. भांडें दोन किलोंचें असलें तरी पैसे ५.४ किलोंचे पडतील. म्हणजे तांदूळवाल्याला वजनावर भाडें काढणारें ॲप पुरतें, आणि भांडीवाल्याला खोक्याचा आकार समजणारें ॲप लागतें. एकाला शोभलें तें दुसऱ्याला शोभेलच असें नाहीं. १९७२ सालच्या १५ ऑगस्टपासून चालू झालेला सहा आंकडी पिनकोड घातला कीं माल तेथें पोंचतो कीं नाहीं व किती खर्चांत, हें गिऱ्हाइकाला पैसे देण्या*आधीं* दिसलें पाहिजे. एवढें काम नीट करणाऱ्या ॲपला पगार देण्यास हरकत नाहीं.

तिसरें काम बिलाचें. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोंपर्यंतच्या, आधींच बांधलेल्या व छापील पट्टीच्या तांदूळ-थैलीवर शेंकडा ५ वस्तु-सेवा कर बसला. पुण्याच्या गिऱ्हाइकाच्या बिलांत तो केंद्राचा अडीच व राज्याचा अडीच असा दाखवावयाचा. हैदराबादच्या बिलांत तो एकत्रित पांच होतो. करपात्र माल परराज्यांत धाडावयाचा तर उलाढाल लहान असली तरी नोंदणी लागते. परदेशीं बनलेलें एखादें देखणें बिल-ॲप हा भेद जाणत नाहीं. तें सरसकट एकच ओळ छापतें, आणि वर्षअखेर दुकानदार घोटाळ्यांत सांपडतो. म्हणून बिलाचें ॲप घेण्यापूर्वीं एक बिल पुण्याचें व एक हैदराबादचें काढून पाहावें. दोन बिलांत ॲपची परीक्षा होते.

या तीन कामांपुढें जें कांहीं असेल तें सोयीचें; अवश्य नव्हे. त्यांतही तारतम्य आहे. तांदूळ ही दरमहा लागणारी वस्तु. म्हणून "दर महिन्याच्या पांच तारखेला एक थैली पाठवा" अशी कायमची मागणी नोंदविणारें ॲप येथें उपयोगी पडूं शकतें. पण तेंच ॲप पैठणीच्या दुकानाला काय कामाचें? गिऱ्हाइकांचे अभिप्राय दाखविणारें ॲपही बरें. मात्र वाईट अभिप्राय लपविण्याची सोय त्यांत असेल तर ती वापरण्याचा मोह टाळला पाहिजे. बाकी रंगीत चक्रें फिरवून सवलत देणारीं, पडद्यावर एकाएकीं उसळून पत्ता मागणारीं, "अमक्या गांवच्या अमक्यानें आतांच खरेदी केली" म्हणून ओरडणारीं ॲप्स आपल्या दुकानांत हवींत कशाला, हें ज्याचें त्यानें स्वतःला विचारावें.

तिसरी कसोटी वेगाची. प्रत्येक जोड-ॲप गिऱ्हाइकाच्या फोनवर आपापलें ओझें उतरवितें, आणि तें उतरेपर्यंत दुकानाचें दार अर्धवट उघडें राहतें. दार तीन सेकंदांत उघडलें नाहीं तर मोबाइलवरून येणारीं निम्म्याहून अधिक, म्हणजे शेंकडा ५३ गिऱ्हाइकें परत फिरतात, असें गूगलनें २०१६ सालीं सांगितलें होतें. तेव्हां आपलें दुकान घरच्या वाय-फायवर पाहून समाधान मानूं नये. साधा फोन घेऊन, जेथें सिग्नल क्षीण आहे अशा ठिकाणीं उभें राहून पाहावें. भाच्याला मी नदीकांठीं नेलें आणि त्याचेंच दुकान उघडावयास लावलें. थैलीचें चित्र दिसेपर्यंत तो दोनदां म्हणाला, "नेट गेलें वाटतें." नेट गेलेलें नव्हतें.

चौथी कसोटी विश्वासाची, आणि ती सर्वांत महत्त्वाची. ॲप बसवितांना एक यादी पुढें येते: हें ॲप तुमच्या मागण्या वाचील, गिऱ्हाइकांचीं नांवें, पत्ते व फोन-नंबर पाहील, दुकानाची मांडणी बदलील. आपण ती यादी न वाचतां होकार देतों. घरांत भांडीं घासावयास आलेल्या बाईला आपण तिजोरीची किल्ली देतों काय? पण तांदुळाच्या थैलीचें चित्र मोठें करून दाखविणाऱ्या ॲपला हजार कुटुंबांचे पत्ते बिनदिक्कत देऊन टाकतों! कामाला जेवढें लागतें त्याहून अधिक मागणारा नोकर ठेवूं नये, हा साधा व्यवहार येथेंही लागू आहे. व्यक्तीच्या खासगी माहितीच्या रक्षणासाठीं आपल्या देशांत २०२३ सालीं स्वतंत्र कायदाही झाला आहे.

ही भीति काल्पनिक नव्हे. टिकेटमास्टर या तिकिटें विकणाऱ्या बड्या कंपनीनें गिऱ्हाइकांच्या शंकांना उत्तरें देणारें, दुसऱ्या कंपनीनें बनविलेलें एक गप्पा-यंत्र आपल्या पैसे भरण्याच्या पानावर बसविलें होतें. चोरांनीं टिकेटमास्टरचें दार फोडलेंच नाहीं. त्यांनीं त्या गप्पा-यंत्रांत फेरफार केला आणि पानावर टाइप होणारे कार्डांचे तपशील उचलले. हा प्रकार २०१८ सालीं उघडकीस आला. एकट्या बार्कलेज बँकेच्याच सुमारें ६०,००० कार्डांवर लबाडी झाल्याचें आढळलें. २०२० च्या नोव्हेंबरांत ब्रिटनच्या माहिती-आयुक्तांनीं दंड ठोठावला, तो साडेबारा लाख पौंडांचा, आणि ठोठावला टिकेटमास्टरला. भाडोत्री नोकराची चूक दुकानदाराला भोंवली. दुसरें उदाहरण २०२४ च्या जूनमधलें. पॉलिफिल नांवाचें एक लहानसें फुकट साधन लाखांहून अधिक संकेतस्थळें बाहेरच्या एका पत्त्यावरून घेत होतीं. त्या पत्त्याची मालकी त्याच वर्षीं बदलली आणि नव्या हातीं गेल्यावर तेथून दूषित संकेत येऊं लागला. नोकर तोच, गणवेश तोच. धनी मात्र बदललेला. म्हणून ॲप घेतांना पाहिलें तेवढ्यानें भागत नाहीं; वर्षांतून दोनदां तरी पुन्हां पाहावें लागतें.

आतां ज्या प्रसंगानें भाच्याचे डोळे उघडले तो सांगतों. मी लाखांदुरास असतांनाच पुण्याच्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंचा त्याला फोन आला. बाई शांतपणें म्हणाल्या, "तीन दिवस तुमच्या दुकानावर 'फक्त २ थैल्या शिल्लक' असें पाहतें आहें. खालीं घड्याळ आहे, 'दहा मिनिटांत सवलत संपणार'. मी दहा मिनिटें थांबलें. घड्याळ पुन्हां दहावर आलें. घड्याळ खोटें, तर तांदूळ चिन्नोरच आहे हें मी कशावरून धरावें?"

भाचा गोरामोरा झाला. कोठींत तांदुळाचीं पोतीं छतापर्यंत रचलेलीं होतीं. खोटें लिहावें असें त्याच्या मनांतही आलें नव्हतें. "विक्री वाढवा" म्हणून बसविलेल्या एका ॲपनें तें आपल्या मनानें लिहिलें होतें. पण बाईंना ॲप ठाऊक नव्हतें. त्यांना दुकान ठाऊक होतें. आणि येथें एकट्या दुकानाच्या पतीचा प्रश्न नव्हता. चिन्नोर हें नांव एकट्या भाच्याचें नव्हे. बांधींत राबणाऱ्या सर्वांचें आहे. मिळालेलें मानांकन एका खोट्या घड्याळानें कायद्यांत पुसलें जात नाहीं, पण गिऱ्हाइकाच्या मनांत पुसलें जाऊं शकतें.

कायद्याच्या दृष्टीनेंही ही गोष्ट गौण नाहीं. ३० नोव्हेंबर २०२३ रोजीं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें ऑनलाइन व्यवहारांतील तेरा फसव्या क्लृप्त्या नांवानिशीं सांगून मना केल्या. त्यांत पहिलीच खोटी निकड, म्हणजे हें घड्याळ व ह्या दोन थैल्या. दुसरी, गिऱ्हाइकाला न विचारतां त्याच्या टोपलींत एखादी वस्तु किंवा देणगी सरकविणें. आरंभीं एक किंमत दाखवून शेवटीं निराळेच आकार चढविणें हीही त्यांतलीच. जोड-ॲप्सच्या बाजारांत या क्लृप्त्या आजही "विक्रीवर्धक" म्हणून मांडलेल्या दिसतात. ॲप विकणारा दूरदेशीं बसलेला असतो. जबाब दुकानदाराला द्यावा लागतो.

मग निवड करावी तरी कशी? आम्हीं दोघांनीं बसून जी रीत ठरविली ती सांगतों. ॲप्सचा बाजार उघडण्यापूर्वीं गरज वहींत एका वाक्यांत लिहावी: "हैदराबादचा टपालखर्च आधीं दिसत नाहीं," अशी. गरज लिहितां येत नसेल तर ती गरज नव्हे, हौस आहे. नंतर ती सोय गाळ्यांतच आहे काय तें पाहावें, पुष्कळदां असते. नसल्यास दोन-तीन ॲप्सचे अभिप्राय वाचावे, पण पंचतारांकित स्तुति सोडून एक व दोन ताऱ्यांच्या तक्रारी आधीं. ॲप बनविणारा त्यांना उत्तर देतो काय, आणि ॲपची शेवटची सुधारणा केव्हां झाली, हें पाहावें. एका वेळीं एकच ॲप बसवावें. दोन एकदम बसविलीं तर गुण कोणाचा व दोष कोणाचा हें कळत नाहीं. फुकट मुदत संपण्याची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरावर लिहावी. महिना भरला कीं वहींतील वाक्य पुन्हां काढून विचारावें: गरज भागली काय? न भागल्यास ॲप काढावें. काढण्यापूर्वीं आपली माहिती उतरवून घ्यावी, आणि काढल्यावर दुकानाच्या मांडणींत त्याचे अवशेष राहिले नाहींत ना, तें एखाद्या जाणत्याकडून पाहून घ्यावें. कारण हे नोकर कामावरून गेले तरी कित्येकदां आपलें गांठोडें मागें ठेवून जातात.

या रीतीनें अकरांपैकीं सात ॲप्स गेलीं. टपालखर्च, बिल व मासिक मागणी यांचीं तीन पगारी ॲप्स आणि अभिप्रायांचें एक बिनपगारी, एवढीं राहिलीं. ५४ डॉलरांचे १८ झाले. महिन्याला ३,२४० रुपये वांचले, म्हणजे ५४ थैल्यांचा नफा. नंतरच्या दोन महिन्यांत विक्री वाढली नाहीं, पण घटलीही नाहीं. तेव्हां ते सात नोकर इतके दिवस करीत काय होते, असा प्रश्न भाच्यानें मला विचारला. त्याचें उत्तर मजजवळ नव्हतें.

श्रोतेहो, आपणांपैकीं पुष्कळांच्या घरीं कोणी भाची, कोणी सून, कोणी मित्र असें दुकान मांडण्याच्या विचारांत असेल. त्यांच्यासाठीं हा अनुभव सांगितला. आणि जे मांडणारे नव्हेत ते गिऱ्हाइक तर आहेतच. टोपलींत न मागितलेलें कांहीं दिसलें, घड्याळ पुन्हां दहावर आलें, तर गप्प बसूं नका. २०२० च्या ई-वाणिज्य नियमांप्रमाणें तक्रार मिळाल्याची पोंच ४८ तासांत व निवारण महिन्याच्या आंत झालें पाहिजे. पुण्याच्या बाईंप्रमाणें आधीं दुकानदारालाच विचारा. पुष्कळदां त्या बिचाऱ्यालाही ठाऊक नसतें.

भाच्यानें त्या बाईंना सर्व प्रकार खरा खरा कळविला, घड्याळ काढल्याचें सांगितलें, आणि क्षमा मागितली. बाईंनीं आठ दिवसांनीं मागणी नोंदविली. नेहमींची पांच किलोंची नव्हे, एक किलोची. भाच्यानें ती थैली स्वतः तोलली, स्वतः शिवली, आणि वडशाच्या गाडीनें रवाना केली.